हेडली विमान सोडत नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

आणि भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते. तो रविवार होता. एप्रिल २००४. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. जागा, विमेरा भागातलं आमच्या क्लबचं मैदान. तिन्ही बाजूंना कापणी झालेल्या गव्हाची रानं, दक्षिणेला निलगिरीची रांग. रांगेपलीकडे दफनभूमी.

तिथे हेडली क्रॉथर झोपलाय. निदान आम्ही तरी त्याला झोपवला होता.

हेडलीने हा क्लब काढला. रिमोटवर उडणारी मोठी विमानं, माणसाहून लांब पंखांची, त्याच्यासारखी कुणीच उडवली नाहीत. त्याचं उतरणं तर असं, की चाक कधी टेकलं ते कळायचं नाही. त्याचा मला मनस्वी राग आहे, तरी हे मान्य करते.

मी क्लबात आले त्या दिवशी त्याने सॉसेज भाजायच्या शेगडीकडे बोट दाखवलं होतं.

"बाई, तुझी जागा तिकडे. मोठं विमान बायकांच्या हाताला झेपत नाही. मी आहे तोवर तरी इथे चालणार नाही."

२००१ साली तो गेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे आम्ही त्याचा रिमोट त्याच्या छातीवर ठेवला आणि त्याला पुरलं.

पुढच्याच महिन्यात मी विमान बांधायला घेतलं.

मी व्हर्ना पॅस्को. सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनीतले बिघाड शोधत काढली. माझं विमान पिवळं, एकावर एक अशा दुहेरी पंखांचं, तीन मीटर रुंद, चौदा किलो वजनाचं. एवढं जड विमान निरीक्षकाने पास केल्याशिवाय उडवता येत नाही. निरीक्षक लिंडसे फॅरो वर्षातून दोनदा बेंडिगोहून यायचा.

दोनदा त्याने मला नापास केलं.

कारण एकच. उडण्याआधी रिमोटची एरियल मिटवून तीस पावलं मागे जायचं आणि तिथून विमान ऐकतंय का ते बघायचं, ही आमची पद्धत. माझं विमान ऐकायचं. पण मी बोट हलवलं नाही तरी त्याची शेपटी हलायची.

शेपटीत सर्व्हो असतो. रेडिओचा हुकूम आला की शेपटीचं पातं वरखाली करणारी छोटीशी मोटर. ती आपली आपणच कुरकुरायची.

कुर्र... कुर्र...

कमिटीने ठरवलं, तिसऱ्यांदा नापास झालं तर विमान क्लबच्या छताला शोभेसाठी टांगायचं. जागाही ठरली होती. शेगडीच्या बरोबर वर.

मला त्याचा इतका संताप आला की बस्स.

उन्हाळाभर मी बिघाड शोधला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम. सर्व्हो बदलला. त्याला वेगळी बॅटरी दिली. शेपटीपर्यंत जाणारी लांब वायर हवेतला गोंगाट पकडते, म्हणून तिच्यावर फेराइटच्या कड्या चढवल्या. स्पार्क प्लगच्या वायरीला जाळीचं आवरण घातलं. धातूवर धातू घासला तरी रेडिओत खरखर येते, म्हणून लोखंडी जोड काढून प्लास्टिकचे बसवले. विमानातला रिसीव्हर बदलला. शेवटी रेडिओचं चॅनेलही बदललं.

घरच्या अंगणात सगळं चिडीचूप.

मैदानावर नेलं की... कुर्र.

एका शनिवारी मी सगळ्यांचे रिमोट बंद करवून टेबलावर ठेवायला लावले. माझाही बंद. इंजिन बंद. फक्त विमानाची बॅटरी चालू. विमानाजवळ बेव्हन बसला होता. बेव्हन माझा शेजारी, गव्हाचा शेतकरी, क्लबातला माझा एकमेव मित्र.

बराच वेळ तो शेपटीकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली.

"व्हर्ना, हे उगाच हलत नाहीये."

"म्हणजे?"

"मोजून बघ. दोनदा वर... एकदा खाली. थांबतंय. पुन्हा दोनदा वर, एकदा खाली."

मी मोजलं. विमान धावपट्टीवर उभं राहिलं की उडण्याआधी हेडली शेपटी अशीच हलवायचा. दोनदा वर, एकदा खाली. क्लबातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ होतं.

बेव्हन हळूच म्हणाला, "एक विचारू? चिडणार नाहीस ना?"

"चिडेन. विचार."

"हेडलीच्या शवपेटीत रिमोट ठेवला कुणी?"

"तू ठेवलास."

"हो. पण त्याचा स्विच... तो बंद होता का, ते मी बघितलंच नव्हतं."

आमच्या क्लबात नवशिक्याला पहिला धडा हाच. रिमोट हातातून ठेवण्याआधी स्विच बघायचा. वीस जण त्या पेटीभोवती उभे होते, सगळे जुनेजाणते. एकानेही बघितलं नव्हतं.

"बेव्हन, ती बॅटरी दोन-तीन तास चालते. त्याला तीन वर्षं झाली."

"ते मला ठाऊक आहे गं. म्हणून तर अंगावर काटा येतोय. सोडून दे हे विमान. मी तुला दुसरं छोटं बांधून देतो."

"सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं आहे म्हाताऱ्याचं. माझाही पीळ त्याला बघू दे."

तो रविवार उजाडला.

लिंडसे आला. मी एरियल मिटवून तीस पावलं मागे गेले. वाट बघितली.

काहीच नाही.

शेपटी दगडासारखी स्थिर. लिंडसेने अंगठा दाखवला. बेव्हनचा चेहरा मात्र पडला होता, कारण निलगिरीवर रोज सकाळी कलकलाट करणारे काकाकुवे गप्प होते. एकही पान हलत नव्हतं.

मी उडवलं.

कसं सांगू... चौदा किलोचं आपल्या हाताने बांधलेलं विमान जमिनीवरून उठतं तेव्हा काय वाटतं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन फेऱ्या मी पूर्ण केल्या. तिसऱ्या फेरीला विमान निलगिरीच्या वर गेलं.

आणि माझ्या बोटांखालची रिमोटची काठी... हलकी झाली.

मी उजवीकडे वळवलं. ते डावीकडे वळलं. सुरेख वळलं, लोण्यातून सुरी फिरावी तसं.

"वा, व्हर्ना," मागून लिंडसे म्हणाला, "असं वळण हेडलीनंतर आज बघतोय."

माझे कान तापले. गप्प राहिले असते तर सर्टिफिकेट हातात होतं. काही न करता उभं राहायचं, हेडली उतरवेल, लोक टाळ्या वाजवतील. मोठं विमान बायकांच्या हाताला झेपत नाही, हे त्याचं खरं ठरेल, आणि ते फक्त मला आणि त्याला ठाऊक असेल.

विमान हवेत असताना जे कुणीच करत नाही ते मी केलं. रिमोटचा स्विच बंद केला.

विमान उडत राहिलं.

शांतपणे फेरी मारून ते धावपट्टीच्या समोर आलं. उंची कमी होऊ लागली. माझ्या हातातला रिमोट मेलेला.

बेव्हनने बंद स्विच बघितला.

मी मोठ्याने बोलले. कुणी ऐकतंय का याची पर्वा केली नाही.

"हेडली, सोड. हे विमान मी बांधलंय. तुझ्या हातून नीट उतरण्यापेक्षा माझ्या हातून त्याचा चुरा झालेला मला चालेल."

मी स्विच चालू केला आणि काठी पूर्ण पुढे ढकलली. म्हणजे नाक जमिनीकडे. तीन वर्षांची मेहनत मी स्वतः जमिनीवर फेकत होते.

एक क्षण काहीच झालं नाही.

मग... त्याने सोडलं.

विमान दगडासारखं खाली आलं. मी काठी पोटाकडे ओढली. गवताला पोट घासेपर्यंत ते खाली आलं, उचललं गेलं, आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं, वाकडंतिकडं धावत जाऊन थांबलं.

लिंडसे विमानाभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "वरचं उडवणं अप्रतिम. उतरवणं मात्र बैलगाडीसारखं."

"उतरवलं मी," मी म्हणाले.

त्याला त्यात काय विशेष, ते कळलं नाही. विमान अख्खं होतं. त्याने सही केली.

त्यानंतर मी दर रविवारी उडवत आले. हेडलीच्या नाकावर टिच्चून. पुढे नवे रेडिओ आले, चॅनेलची भानगड मिटली, कुरकुर पुन्हा कधी ऐकू आली नाही. लोकांना वाटतं विषय संपला.

आता मी शहात्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून माझे हात थरथरतात. चहाचा कप धरवत नाही. डॉक्टर म्हणतात, विमान बंद करा. मी भीक घालत नाही.

गेल्या महिन्यात बेव्हन शेजारी उभा होता. तो वर बघत नव्हता. माझ्या बोटांकडे बघत होता.

"व्हर्ना... तुझे हात बघ. आणि विमान बघ."

माझी बोटं काठीवर लटलट कापत होती. वर, विमान रेघ ओढल्यासारखं सरळ चाललं होतं.

मी उतरवलं. तीनदा आपटलं, एक चाक मोडलं. बेव्हन हळहळला. मी मात्र घरी जाऊन ढाराढूर झोपले.

परवाच्या रविवारी पुन्हा उडवलं. हात नेहमीपेक्षा जास्त कापत होते. विमान खाली आलं, आणि चाक कधी टेकलं ते कुणालाच कळलं नाही. सगळ्या क्लबाने टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.