विझलेल्यांची तहान

प्रशिक भाटघरला घरी आला तो कंबर टेकायला. आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, जाऊन पावसाळा उलटला होता, प्रबंध रखडला होता, आणि अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. पण काम कुठं सोडतंय! सोप्यात लॅपटॉप उघडून तो दिवसभर एकच चित्र साफ करत बसे. दूर आकाशात दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळलेले, आणि कडेला रेडिओ दुर्बिणीनं टिपलेली एक फिकट कमान.

"ह्ये वाकडं काय रं?" साळूबाईनं, त्याच्या आईनं, विचारलं.

"टकरीचा हादरा पसरत गेला, आये. वाटेत जुन्या दीर्घिकांनी टाकलेली धग होती, कधीचीच विझलेली. हादरा तिच्यातनं गेला की ती पुन्हा उजळते."

"आन् मग?"

"मग परत विझते."

साळूबाईनं आबांच्या आतल्या खोलीकडं पाहिलं. नवऱ्याच्या दुखण्यात वर्षभर उशाशी बसून तिनं हाडाची काडं केली होती. ते गेले तेव्हा, आतातरी हिला झोप मिळेल, असं प्रशिकच्या मनात आलं होतं आणि त्याची त्याला लाजही वाटली होती.

"खाणीत सुरुंग उडला की," ती हळूच म्हणाली, "तुजं आबा खोकत्यात. पानी मागत्यात. दिलं की निजत्यात... रोज."

आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्याला वाटलं. पण वाद घालायचंही त्याच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरापल्याड सुरुंग उडाला. मांडणीवरची भांडी किणकिणली. मग सगळं चिडीचूप झालं. आतल्या अंधाऱ्या खोलीतून आबांच्या छातीला चोळायच्या निलगिरीच्या तेलाचा वास आला आणि पाठोपाठ तो खोकला, छाती खरवडून काढणारा...

"पानी..."

साळूबाई आधीच माठाशी उभी होती. भिंत धरत ती आत गेली आणि रिकामा पेला घेऊन बाहेर आली. प्रशिकच्या अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त आईची कीव आली. मेल्यावरसुद्धा माणसानं हिला सोडू नये?

"आये, पुण्याला चल माझ्याबरोबर."

"मग तेस्नी कोन दील?"

"बरं, उद्या मी देतो. तू नीज."

"देशील?" तिचा चेहरा सैलावला. "निजते मग. लई दमले रं."

दुसऱ्या दिवशी जेवण होताच तिनं चटई टाकली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. सुरुंग उडाला. आज हादरा मोठा होता, पण ती हलली नाही. झोपू दे, असं मनात येऊन प्रशिकला बरंच वाटलं.

खोकला आला. त्यानं पेला भरला, उसनं अवसान आणून तो त्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि अंधारात हात पुढं केला. पेला कुणीतरी हातातून घेतला.

तो मागं फिरणार, तोच आतून दुसरा आवाज आला, फार थकलेला.

"मला बी दे रं, प्रशिक..."

त्यानं वळून पाहिलं. चटईवर आई तशीच पडली होती, भिंतीकडं तोंड करून.

"आये...?" त्यानं चटईकडं पाहत हाक मारली.

ओ आली ती पाठीमागून, आतल्या खोलीतून.