बारावी कॉपी

रेकॉर्डवरचं गाणं इस्त्री केलेल्या शर्टासारखं असतं. मला ते कधी भावलं नाही. टिन ऑर्चर्ड हा बँड ऐकावा तर प्रत्यक्ष कार्यक्रमातलाच. एखादी तार तुटलेली, ड्रमवाला घाईला आलेला, मागे कुणीतरी खोकतंय. एरी गावातल्या माझ्या तळघरात अशा चारशे बारा कॅसेट आहेत. त्यातल्या एकशे सहा मी स्वतः माइक धरून टिपल्या. त्या विकायच्या नाहीत. कोरी कॅसेट पाठवील त्याला कॉपी करून द्यायची, हा आम्हा लोकांचा धर्म.

माइकजवळ तोंड उघडायचं नाही, हाही धर्मच. माझ्या बायकोला, लॉरेनला, तो कधी जमला नाही. चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये सरोवराकाठी कार्यक्रम होता. ऐन गिटार रंगात आलेली असताना ती माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मी न बघताच ओठांवर बोट ठेवलं. ती उठून गाडीकडे गेली. मी आणखी चाळीस मिनिटं टिपत बसलो. नंतर गेलो तेव्हा ती सीटवर थंड पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

ती काय म्हणाली, ते मला कळलंच नाही. त्या दिवसाची मूळ कॅसेट मी नऊ वर्षं ऐकतोय. तिच्यावर लॉरेनचा श्वाससुद्धा नाही.

गेल्या मार्चमध्ये टोलिडोहून ड्वाइटचा फोन आला. जुना दोस्त, माझ्याहून मोठा वेडा.

"मर्ल, लेका, तुझंच पोरगं गावभर हिंडून माझ्या दारात आलंय. चौऱ्याऐंशीची ती सरोवरकाठची कॅसेट. कॉपीची कॉपी, सहावी. नुसती खरखर!"

"मग टाक कचऱ्यात."

"टाकणारच होतो." तो घुटमळला. "मर्ल, लॉरेन बोलते रे त्यात."

"काहीतरीच काय!"

"तिच्या हातचे पिएरोगी खाल्लेत मी. आवाज ओळखतो."

मी त्याला हसलो. दर कॉपीला आवाज मंदावतो आणि खरखर वाढते, हे शेंबडं पोरही सांगेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कॅसेट आली. रविवारी दुपारी मी कानाला हेडफोन लावले. गिटार मळकट झाली होती. तिच्यामागून कुणीतरी म्हणालं, "मर्ल."

मी त्या कॅसेटची कॉपी केली. सातवी. गिटार आणखी बुडाली. तो आवाज मात्र जवळ आला.

मग आठवी, नववी. हातातलं काम टाकून मी आठवडाभर तेच करत बसलो. खरं सांगतो, इतका आनंद मला नऊ वर्षांत झाला नव्हता.

अकराव्या कॉपीत गाणं जवळजवळ उरलं नव्हतं.

"मर्ल, छातीत दुखतंय. घरी चल ना."

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. हवं ते मिळालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

मी बारावी कॉपी केली.

तिच्यात बँड नव्हता. नुसती खरखर. बराच वेळ. मग अगदी कानाशी लॉरेन म्हणाली, "गाणं संपलं, मर्ल. आता तरी बोल."

मी उत्तर द्यायला गेलो.

कॅसेट केव्हाच संपून थांबली होती. हेडफोनमध्ये तिचा श्वास चालू होता.

माझं बोट ओठांवर होतं.