थप्पीतलं सातवं नाव

असेंब्ली भाषेत लिहिलेला प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालत नसतो, आणि चाललाच तर चूक अजून सापडायची आहे असं समजावं. एसेनगुल अगाय, म्हणजे एसेनगुल सर, दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगायचे आणि दर वर्षी पोरं हसायची. किर्गिझस्तानात बिश्केकच्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. खिडकीत चहाची किटली, भिंतीशी गरम पाण्याचा पाइप, आणि अगाय सदा त्या पाइपाला पाठ टेकून उभे.

या खेपेचं काम होतं यादी क्रमानं लावायचं. प्रोग्रामनं यादीचे दोन तुकडे करायचे, पहिली नोंद एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे, एकेका तुकड्यासाठी स्वतःलाच पुन्हा हाक मारायची, त्या तुकड्याचे पुन्हा तुकडे. हाक मारण्याआधी हातातलं सगळं संगणकाच्या स्मृतीतल्या थप्पीवर ठेवायचं आणि परत आल्यावर वरून उचलून घ्यायचं. घरी पेटाऱ्यावर रजया रचतात तसं, अगाय म्हणायचे. मधलीच ओढलीत तर सगळ्या अंगावर. आणि यादीत आकडे नकोत, आपापल्या सात पूर्वजांची नावं टाका. आकडा गहाळ झाला तर कुत्रंही विचारत नाही, खापरपणजा गहाळ झाला तर घरचे तंगडं मोडतील.

सिर्गाची पंचाईत तिथेच होती. तिच्याकडे सहाच नावं होती.

एरवी तिनं मनाला लावून घेतलं नसतं. पण रविवारी बेकतुरच्या घरचे तिच्या कानात लग्न ठरल्याचे डूल घालायला येणार होते. बेकतुर गाड्या दुरुस्त करायचा, हाताला कायम ग्रीसचा वास, आणि ती त्याच्यावर जीव टाकून होती. डूल घालण्याआधी दोन्हीकडची म्हातारी माणसं सात-सात पिढ्या म्हणून दाखवतात. एक जरी नाव दोन्हीकडे निघालं तर रक्त एकच. मग लग्न नाही, आणि त्यावर अपील नाही. सात नावं माहीत नसतील तर अब्रू जाते ती वेगळीच.

तिच्या आजोबांना, चोंग अतांना, सहाच्या पुढचं आठवत नव्हतं. सगळी वंशावळ तोंडपाठ असलेला माणूस झारच्या फौजेपुढच्या पळापळीच्या साली बर्फातल्या खिंडीत मेला, त्याच्याबरोबर सातवा गेला, असं ते लहानपणापासून सांगत आले होते. मागच्या आठवड्यात मात्र नानचा तुकडा चहात बुडवत ते खुशाल म्हणाले, "बायगाझी म्हण. कोण खाली उतरून बघतंय?" सिर्गाच्या बापानं हसून मान डोलावली आणि प्रश्न मिटला.

गुरुवारी दुपारी तिनं तेच नाव यादीत टाकलं. प्रोग्राम चालला, पहिल्या फटक्यात. पडद्यावर सात नावं आली, क्रम चोख. फक्त बायगाझी नव्हता. त्यांच्या लिपीत ब अगदी वरचा, त्यामुळे तो पहिल्या ओळीत हवा होता. पहिल्या ओळीत तिच्या सहांपैकी दोसमात होता, आणि शेवटच्या ओळीत असं एक नाव जे तिनं टाकलंच नव्हतं. तेझेकबाय.

शेणावरून ठेवलेलं नाव! पोरं जगेनात म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात तसलं, दगडू-धोंडूच्या जातीचं. आताशा असं नाव कुणी कुत्र्यालाही ठेवत नाही.

तिला आधी हसूच आलं. मग ती चूक शोधायला बसली. थप्पीवर ठेवलेलं नीट उचललं जातंय का, हे तिनं एकेक पायरी थांबून तपासलं. प्रोग्राम सात पायऱ्या खाली उतरत होता. सातव्या पायरीवर पोचेपर्यंत बायगाझी जागेवर होता. सातवीवरून परत फिरलं की त्याच्या जागी तेझेकबाय.

तिनं अगायना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, तिच्या ओळी वरून खाली वाचल्या, पुन्हा खालून वर वाचल्या. मग स्वतःची सात नावं टाकली. सातही सुखरूप परत आली. मग तिची टाकली, बायगाझीच्या जागी आलिमकुल लिहून.

तेझेकबाय.

"हे नाव कुठं लिहिलंयस तू?"

"कुठंच नाही, अगाय."

"क्रम लावणारा फक्त जागा बदलतो," ते सावकाश म्हणाले. "नवं अक्षर त्याला कुठून मिळणार?"

त्यांनी संगणक बंद करून चालू केला, मग शेजारच्या संगणकावर करून पाहिलं. शेवटी त्यांनीच यादीत तेझेकबाय लिहिला. सात गेली, सात आली, सगळं शांत. मग त्यांनी वहीवर सही केली, शेरा लिहिला 'उत्तम', आणि वही देताना तिच्याकडे पाहिलं नाही.

सही मिळाली म्हणून ती खूष होती. घरी तिनं नावाचा विषय काढला नाही. काढून सांगणार तरी काय?

रविवारी अंगणात ऊन मस्त पडलं होतं. कढईत कणकेचे बोरसोक फुलत होते, जर्दाळूच्या झाडाखाली पोरांचा गलका होता. बेकतुरनं हात इतके घासले होते की लालबुंद झाले होते. सिर्गाला वाटलं, याहून जास्त सुख मागणं म्हणजे हावरटपणा.

बेकतुरच्या चुलतआजोबांनी, तुर्दुबाय त्यांचं नाव, घसा खाकरून आधी आपली बाजू म्हटली. सहा नावं झाली. सातव्याला ते जरा थांबले आणि मिस्कीलपणे म्हणाले, "हसू नका हं. तेझेकबाय."

सगळे हसले.

सिर्गानं चहाची वाटी खाली ठेवून चोंग अतांकडे पाहिलं.

मग चोंग अता बोलले. आवाज खणखणीत, एकही नाव अडलं नाही. सातवा, बायगाझी.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रक्त वेगळं. सगळ्यांनी दुआ म्हणून ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या.

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात चोंग अतांचा हात तिच्या हातावर आला. ते तेझेकबाय ऐकून दचकले नव्हते. मान खाली घालून नानचे कण गोळा करत होते.

"सुखात आहेस ना, पोरी?"

"आहे," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"मग झालं तर."

बेकतुरच्या आईनं तिच्या कानात डूल घातले. चांदीचे, थंडगार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेकतुर अंगणात तिच्या बापाची गाडी बघत होता. ती आत लॅपटॉप उघडून बसली. प्रोग्राममध्ये तिनं एक ओळही बदलली नाही. आपली सात नावं टाकली, बायगाझीसकट. सात आली, बायगाझी पहिल्या ओळीत. तेझेकबाय कुठेच नाही.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. बाहेर बेकतुर काहीतरी बोलून मोठ्यानं हसला. तिलाही हसू आलं.

मग, नुसतं म्हणून, तिनं बेकतुरची सात नावं टाकली. तुर्दुबायनी म्हटली तशीच, शेवटी तेझेकबाय.

सहा नावं परत आली, बिनचूक. तेझेकबाय मात्र नव्हता.

त्यांच्याही वर, पहिल्या ओळीत, बायगाझी.