भेगांचा पूल

"मावशी, पुलाची भेग कुठे गेली?" टिल्लीने वर्तमानपत्र हवेत नाचवत विचारलं.

मावशीने चहाचा कप खाली ठेवला आणि पेपर हिसकावून घेतला.

ती वर्तमानपत्रात राजकीय व्यंगचित्रं काढायची. लोक आधी तिचं चित्र बघत आणि मग बातम्या वाचत. काल तिने गुबगुबीत नगराध्यक्षांना नव्या पुलावर ऐटीत उभं केलं होतं आणि त्यांच्या पायाखाली ही भलीमोठी भेग दाखवली होती. सुट्टीला आलेल्या तिन्ही मुलांनी ते चित्र पाहिलं होतं. छापलेला पूल मात्र एकदम गुळगुळीत!

"आता लोक म्हणणार, मी त्यांचे गोडवे गाते! मागच्या चित्राचंही असंच झालं. बस्स, राजीनामाच देते!"

"थांब!" टिल्लीची मोठी बहीण कडाडली. तिच्या हुकूमशाहीमुळे सगळे तिला सेनापती म्हणत. "आधी चोर पकडू, मग राजीनामा!"

"भेगेचा चोर!" त्यांचा मामेभाऊ चश्मिस खिदळला. "पण आत्या, पुलाला खरंच भेग आहे?"

"मी स्वतः पाहिली. आणि रविवारी उद्घाटन! शाळेची मुलं बँड वाजवत त्यावरून जाणार."

मुलांचं हसू मावळलं.

तिघं आधी पुलाखाली धावली. चश्मिसने खांबाच्या भेगेत पेन्सिल घातली. पेन्सिल अर्धी आत गेली!

"बाप रे!" टिल्ली मागे सरकली.

तिथून त्यांनी थेट छापखाना गाठला. यंत्रांची धडधड, शाईचा वास आणि जो तो घाईत! चित्रावरून जस्ताचा ठसा बनवणाऱ्या काकांनी मूळ चित्र काढून दिलं. "मला असंच मिळालं, बाळांनो."

चश्मिसने ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि तो ओरडलाच, "भेग इथेच आहे! वर पांढरा रंग फासलाय!"

"काका, हे तुमच्याआधी कुणाकडे होतं?" सेनापतीने विचारलं.

"व्यवस्थापकांकडे. सगळी चित्रं त्यांच्याच टेबलावरून येतात."

व्यवस्थापक टेलिफोनवर हुज्जत घालत होते. त्यांनी फोन ठेवताच टिल्लीने निरागसपणे विचारलं, "काका, बाहीला पांढरं काय लागलंय?"

"चुना! म्हणजे... दूध! चला, पळा इथून!"

तिघं संपादकांकडे गेली. त्यांनी मुलांचं सगळं ऐकून घेतलं, पण नकारार्थी मान हलवली. "बाहीवरच्या डागावरून कुणाला चोर ठरवू? अन् भेगेबद्दल विचारलं, तर नगराध्यक्ष म्हणतात पूल ठणठणीत आहे. मला पक्का पुरावा हवा."

मुलांना घ्यायला आलेल्या मावशीला त्यांनी घरी परतताना सगळं सांगितलं. एवढ्यात टिल्ली म्हणाली, "मावशी, तू अख्खा पूलच भेगांचा काढ ना! पुसू देत त्यांना!"

"म्हणजे?" चश्मिस म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले. "अगं, पूलच गायब होईल!"

मावशी रस्त्यातच थांबली आणि इतकी हसली, की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला.

तिने नवं चित्र काढलं. नगराध्यक्ष हात उंचावून म्हणताहेत, "नागरिकहो, निर्धास्त या!" खाली वाहती नदी आणि मधला पूल म्हणजे नुसतं भेगांचं जाळं! सेनापतीने ते मुद्दाम उशिरा, व्यवस्थापक घरी निघायच्या घाईत असताना नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्तोरस्ती हशा! न्हाव्याच्या दुकानात तर साबण लावलेली गिऱ्हाइकंसुद्धा खुर्चीतून उठून बघत होती. पेपरात नगराध्यक्ष चक्क नदीवर तरंगत होते. पायाखाली काही म्हणजे काही नाही!

मावशी आणि मुलं कार्यालयात पोचली, तेव्हा नगराध्यक्ष टेबलावर मुठी आपटत होते. "मला अधांतरी लटकवलंत!"

"बाई, तुम्ही पूलच काढला नाहीत?" संपादकांनी विचारलं.

"काढला होता की. चांगला लांबलचक," मावशी शांतपणे म्हणाली.

"कसला पूल!" व्यवस्थापक उसळले. "नुसत्या भेगा तर होत्या! मी फक्त भेगाच पुसल्या!"

व्यवस्थापकांनी पटकन तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग!

"तुम्ही पुसल्या?" संपादक हळूच म्हणाले.

"नगरपालिकेच्या जाहिराती जातील, म्हणून घाबरलो. मला वाटलं, चित्रातल्या दोन रेघांनी काय बिघडतं?"

"पण ती भेग खरी आहे, काका!" चश्मिस पुढे झाला. "माझी पेन्सिल अर्धी आत गेली. रविवारी बँडची मुलं तिथून जाणार आहेत!"

व्यवस्थापकांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा मुलगा त्या बँडमध्ये ढोल वाजवतो," ते पुटपुटले.

संपादकांनी ताबडतोब इंजिनिअरला बोलावलं. मुलांनी त्यांना आणि नगराध्यक्षांनाही खांबाजवळ नेलं. इंजिनिअर वाकले, भेगेत पट्टी घातली आणि उठून नगराध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, "दुरुस्ती होईपर्यंत यावर कुणीही पाऊल ठेवायचं नाही. उद्घाटन रद्द!"

नगराध्यक्ष भेगेत डोकावले आणि झटकन दोन पावलं मागे सरकले.

व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर मावशीची माफी मागितली. मग ते मुलांकडे वळले. त्यांनी हात जोडले.

"भेगांचं चित्र उद्या पहिल्या पानावर!" संपादकांनी फर्मावलं. "आणि पोरांनो, तुमच्याइतकी अक्कल आमच्या अख्ख्या कार्यालयात असती, तर मी निवांत झोपलो असतो!"

मावशीने चित्र पुन्हा नव्याने रेखाटलं. कौतुकाच्या बाबतीत ती महाकंजूष, पण आज तिने ब्रश शाईत बुडवून टिल्लीच्या हातात दिला.

"हे चित्र माझ्या एकटीचं नाही. करा तिघांनी सह्या!"

चश्मिसने बारीक सही केली, सेनापतीने झोकदार. आणि टिल्लीने एवढी मोठी केली, की नदीत मासे काढायला जागाच उरली नाही!