दुसरी रेघ

“बूट काढा,” ती म्हणाली.

“ओळख ना पाळख… एकदम बूट?”

तिने मान वर केली आणि तिथेच फसली. समोरचा माणूस हसत होता, आणि हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडत होती. दिवसाला वीस-पंचवीस अंगठे बघणारी ही मुलगी – लॅबमध्ये तिला सगळे ‘नखवाली’च म्हणत – चक्क हातमोजा उलटा घालू लागली.

तो पोहणारा होता. रविवारी संघाची रिले शर्यत, शेवटची फेरी त्याची. वर्षभर पहाटे उठून त्याने याच रविवारची तयारी केली होती. पण तरणतलावाच्या मॅनेजरने त्याच्या पायाच्या अंगठ्याचं पिवळं, जाड नख पाहिलं आणि बजावलं, बुरशी नाही असा रिपोर्ट आणा, नाहीतर काठावर बसा.

“बुरशी वाढवून बघायची तर तीन-चार आठवडे लागतात,” ती म्हणाली. “या पट्टीने अर्धा तास. पट्टीवर प्रतिपिंडं असतात. नखात बुरशी असली की ती तिला पकडतात आणि दोन रेघा उठतात. नसली तर एकच.”

“मग एकाच रेघेसाठी देव पाण्यात ठेवू?”

“तुम्ही फक्त पाय हलवू नका.”

“गुदगुल्या होतात हो…”

“इतका मोठा माणूस!”

तिने नखाची कड कापली, निघालं ते द्रवात भिजवलं, पट्टी बुडवली. एक रेघ उठली. दुसरी आलीच नाही. तो उडी मारून उभा राहिला.

“झालं! चहा माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.”

‘हो’ तिच्या ओठांवर आलं होतं… पण नजर पुन्हा त्याच्या अंगठ्यावर गेली. नख अगदी गोल, गुळगुळीत होतं. तिच्या हाती जेमतेम कण लागले होते.

“हे नख कधी कापलं?”

तो ओशाळला. “काल. कानशीने घासलंसुद्धा. म्हटलं, लॅबमध्ये कोणी मुलगी असली तर… बरं दिसत नाही.”

तिला हसावं की रडावं कळेना. नटूनथटून यायच्या नादात पठ्ठ्याने तिला हवा होता नेमका तोच भाग घासून टाकला होता.

“परत करावं लागेल. बुरशी नखाच्या खाली, आत असते. तिथून खरवडून घेते.”

“अहो, एकच रेघ आली ना? खोटं लिहा म्हणत नाही मी. आहे ते लिहा.” त्याचा आवाज उतरला. “माझा रविवार जाईल हो…”

लिहून दिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. शिवाय चहा होता, ती खळी होती.

“अपुऱ्या नमुन्यावर मी सही करत नाही,” ती म्हणाली. “कोणाच्याही.”

मग त्याने आपणहून पाय पुढे केला.

या वेळी कोणी थट्टा केली नाही. पहिली रेघ उठली. आणि मग, खिडकीकडे धरून बघावी इतकी फिकट… दुसरी.

“आहे,” ती म्हणाली.

तो बूट चढवून निघून गेला. चहाचं नावही काढलं नाही.

त्या रविवारी ती सारखी घड्याळ बघत होती. तो तिला आवडला होता, आणि तिनेच त्याला काठावर बसवलं होतं. पुन्हा वेळ आली तरी तिने तेच केलं असतं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी दारात आवाज आला. “बूट काढू?”

“डॉक्टरांनी परत तपासणी सांगितली?”

“नाही. दाखवायला आलो.” पिवळ्या नखाच्या मुळाशी नव्या, गुलाबी नखाची बारीक पट्टी उगवली होती. “शर्यत हरलो आम्ही. फार राग आला होता तुमचा. मग संघातल्या सगळ्यांचे पाय बघितले, तर आणखी एकाला सुरुवात झालेली. वेळेवर कळलं.”

मग तो दर महिन्याला येऊ लागला. अंगठ्याचं नख भारी आळशी, पुरतं वाढायला वर्ष घेतं. तिची काही तक्रार नव्हती.

बाराव्या महिन्यात तो नख मुद्दाम न कापता आला. एकच रेघ उठली. तिने रिपोर्टवर सही केली.

“आता तुम्हाला यायचं कारण उरलं नाही…”

“मग तुम्ही या. पोहता येतं?”

“पाण्याची भीती वाटते.”

“मला तुमच्या चिमट्याची वाटायची.”

शनिवारी ती गेली. तलावाच्या पायऱ्यांशी तो स्टुलावर बसला होता. पाय दाखवल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम त्यानेच लावून घेतला होता. त्याने खाली पाहिलं. दहाही नखं लालचुटुक.

“हे काय?”

“ताईने… नाही, मीच लावून घेतलं तिच्याकडून. बरं दिसावं म्हणून.”

“कोणाला?”

“तुम्हाला,” ती सरळ म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. पण जागचा हलला नाही.

“रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. काढावं लागेल.”

“एवढं बोलले तरी?”

“सूट नाही. कोणालाही. हे तुमच्याकडूनच शिकलो…” तो थांबला. “आणि त्याच दिवशी तुमच्या प्रेमात पडलो. राग जायला तेवढा वेळ लागला.”

ती पायरीवर बसली. त्याने खोक्यातून कापूस आणि नखांचा रंग काढायची बाटली काढली, तिचा पाय गुडघ्यावर घेतला.

“पाय हलवू नका.”

“गुदगुल्या होतात…”

“इतकी मोठी बाई!” तो म्हणाला, आणि पहिलं नख पुसायला घेतलं.