लांग्गा म्हणजे बाईसाहेब

लग्नाच्या नवऱ्याची बाजारात अचानक गाठ पडली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बोराम लाजली. मासळीच्या ओट्यापाशी पाठमोरा उभा असलेला उंच माणूस तिला क्षणभर आवडला होता… आणि मग तो वळला, तर तो मुनसोक निघाला. आपण आपल्याच नवऱ्याकडे चोरून बघत होतो हे ध्यानात येऊन तिचे कान तापले.

"तुम्ही इथे?" तिने विचारलं.

"पंपाचा पट्टा न्यायला आलो होतो." त्यानेही चोरी पकडली गेल्यासारखा खुलासा केला. मग हात पुढे केला आणि सगळ्या ओट्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ, अदबशीर आवाजात म्हणाला, "लांग्गा, पिशवी इकडे द्या."

सुऱ्या थांबल्या. सगळा बाजार जिला थोरली बहीण मानून 'नांग' म्हणे, त्या नांग डेलियाने हातातला मासा तसाच पाटावर टाकला.

"ऐकलंत का गं? लांग्गा म्हणाला!"

कोळंबीवालीने ओट्यावर थापा मारमारून हसायला सुरुवात केली. मुनसोकने सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला, पिशवी घेतली आणि चालू लागला. बोराम मागून जवळजवळ पळतच निघाली.

बाहेर ऊन होतं आणि उन्हातच बारीक पाऊस. बेटावर दोन्ही एकदम येतात, कुणी मनावर घेत नाही.

"तो शब्द… कुठे शिकलात?"

"इथेच. बाजारातल्या बायका तुम्हाला तसंच म्हणतात ना? 'ये लांग्गा, घे लांग्गा.' गिऱ्हाइकाला मान देऊन बोलतात. म्हणजे बाईसाहेब वगैरे असणार." तो थबकला. "चुकलं का काही?"

बोरामने त्याच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहिलं. लांग्गा म्हणजे लाडके, जिवाचे. नांग डेलियाने तिला हे कधीच सांगून ठेवलं होतं. बाजारातल्या बायका तो शब्द येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर मिठासारखा भुरभुरतात हे खरं. पण नवऱ्याने म्हटलं की त्याचा एकच अर्थ उरतो.

"नाही," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

यात मुनसोकचा फारसा दोष नव्हता. कोरियात, देगू शहरातल्या चर्चमध्ये बोराम पियानो वाजवायची आणि तो शेवटच्या बाकावर बसायचा. तिथल्या तरुण मंडळींत सगळे एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणत. पास्टरांच्या बायकोने पुढाकार घेतला आणि बंधू मुनसोक व भगिनी बोराम यांचं रीतसर लग्न लागलं. लागलं खरं, पण तो तिला 'बोराम भगिनी'च म्हणत राहिला. कोरियन संसारात 'योबो' म्हणून हाक असते, आपल्या 'अहो'च्या जातीची. ती त्याच्या घशापर्यंत येई आणि पाहुणा दार चुकल्यासारखी परत जाई. एकदा बोरामने धीर करून विचारलं होतं, "आता तरी भगिनी नको ना?" त्यावर तो इतका विचारात पडला की समोरचं सूप निवून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भगिनी.

ईस्टरनंतर त्याला फिलिपिन्समधल्या या बोहोल बेटावर, एका हॉटेलातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रांवर नोकरी लागली. बोराम सोबत आली ती 'नाताळपर्यंत बघू' या बोलीवर. तोवर देगूच्या चर्चमधली पियानोची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. राहायचं की परतायचं, हे तिनेच ठरवायचं होतं. पण तिला ते ठरवायचंच नव्हतं. कुणीतरी 'राहा' म्हणावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते म्हणू शकेल असा माणूस जगात एकच होता.

त्या माणसाने आता नवाच घोळ घालून ठेवला. छपरावरून टाकी तपासताना तो ओरडे, "लांग्गा, खाली पाणी आलं का?" शेजारची माणसं खिडकीत येत. कोबी चांगला मिळेना म्हणून ती कच्च्या पपईची किमची, म्हणजे कोरियन तिखट लोणचं, घालू लागली, तर पहिला घास घेऊन तो म्हणाला, "लांग्गा, ही देगूपेक्षा बरी झाली आहे." आवाज जराही चढला नाही की हलला नाही, हॉटेलच्या मालकिणीशी बोलावं तशा आदराने म्हणाला. बोराम वाडग्यात मान घालून हसली.

"काय झालं?"

"तिखट लागलं."

फसवणूकच होती ती. तिला कळत होतं. पण सकाळी जाग आली की आज तो कितव्यांदा म्हणेल याची ती वाट बघू लागली होती, हेही तिला कळत होतं.

बिंग फुटलं ते चर्चमध्ये. रविवारची प्रार्थना संपल्यावर मुनसोक भरल्या दालनात म्हणाला, "लांग्गा, छत्री माझ्याकडे आहे." बेटावरचे पास्टर इसागानी मोठ्या प्रेमळ स्वभावाचे. त्यांनी मुनसोकच्या खांद्यावर हात ठेवला.

"वा! बायकोला चारचौघांत 'माझ्या जिवा' म्हणणारा कोरियन मी पहिल्यांदा पाहतोय. पुढच्या रविवारी नवऱ्यांसमोर दोन शब्द बोलाल का?"

मुनसोकचा चेहरा आधी पांढरा आणि मग मिरचीसारखा लाल झाला. घरी जाताना छत्री त्याने पूर्ण तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत चालला. फाटकाशी येऊन म्हणाला, "बोराम भगिनी, किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

किल्ली तिच्याकडेच होती. कुलूप उघडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर तो शब्द घरात आला नाही. नोव्हेंबरात देगूहून पास्टरांच्या बायकोचा फोन आला. "अगं, नाताळची गाणी बसवायची आहेत. येतेस की दुसरी बघू?" बोरामने रात्रीच्या जेवणाला ते मुनसोकच्या कानावर घातलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"तुम्हाला… जसं सोयीचं असेल तसं करा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय? इथे उकाडा, वीज जाते, तुमचा पियानो नाही. मी कोणत्या तोंडाने थांबवू?"

"आहे त्या तोंडाने," असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ताटं उचलली. दुसऱ्याच दिवशी तिने तिकीट काढलं, तेही रागाने.

निरोप घ्यायला ती बाजारात गेली, तर नांग डेलिया सुरी नाचवत म्हणाली, "तुझा नवरा आहे की मासा? तोंड उघडतो, मिटतो, आवाज म्हणून नाही! आणि तू तरी काय गं? तुला जीभ दिलीय ना देवाने?"

"मी काय बोलू? त्याने थांबवायला नको?"

"बसा मग दोघं, आधी कोण बोलतंय बघत."

जायच्या दिवशी सकाळी धक्क्यावर वारा होता. सेबूच्या विमानतळाकडे जाणारी बोट लागली होती. हमालाने बॅग उचलून आत नेली. मुनसोकने पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली, मग द्यायला काही उरलं नाही.

"पोहोचल्यावर कळवा."

"हो."

"देगूला थंडी असेल. कोट वरच ठेवलाय ना?"

"हो." ती दोन पावलं गेली आणि परत वळली. राग अजून होता, त्याच्याच जोरावर तिने विचारलं, "तो शब्द का टाकलात?"

त्याने खाली पाहिलं. "अर्थ न कळता म्हणत होतो. कळल्यावर वाटलं… तुम्हाला न विचारता एवढं मोठं म्हणत आलो. केवढा उद्धटपणा."

"मला अर्थ माहीत होता."

"कधीपासून?"

"बाजारात पहिल्यांदा म्हणालात ना, त्याच्याही आधीपासून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग… सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता," बोराम म्हणाली. "आणि मला ते ऐकायचं होतं. रोज."

बोटीचा भोंगा वाजला. लोक त्यांना वळसे घालून जात होते. मुनसोकचं तोंड उघडलं, मिटलं. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आदरार्थी नसलेलं वाक्य बाहेर पडलं.

"जाऊ नकोस."

स्वतःच दचकून तो दुरुस्तीला निघाला असता, पण तिने त्याची बाही घट्ट धरली.

"पुन्हा म्हण."

"जाऊ नकोस, बोराम. मला तू इथे हवी आहेस."

फळी ओढली गेली. बोट धक्क्यापासून सुटली, आणि मगच तिच्या लक्षात आलं.

"माझी बॅग गेली!"

"जाऊ दे. उद्या परतीच्या बोटीने येईल."

"तुझा निळा शर्टही आहे त्यात."

"माझा?" तो गोंधळला. "तो कसा गेला त्यात?"

"मीच ठेवला," बोराम त्याची बाही न सोडता म्हणाली. मुनसोक आधी तिच्याकडे, मग लांब जाणाऱ्या बोटीकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचे कान लाल होत गेले.