उबदार खांब

पाऊस तिरपा लागला होता, आमच्या हाउसकीपरचा, मिसेस टिबिटचा दात ठणकत होता, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या दाराची घंटा वाजली.

आमच्याकडे रीतच आहे. वाटेने जाणारा कुणी भला माणूस घर पाहायला आला, तर हाउसकीपरने किल्ल्या घेऊन त्याला दालनं दाखवायची, आणि जाताना त्याने तिच्या हातावर एक नाणं ठेवायचं. मालकांनी तोवर वरच्या खोलीत गुपचूप बसायचं. त्या दिवशी मी मिसेस टिबिटच्या किल्ल्या कमरेला अडकवल्या, तिची करडी शाल पांघरली आणि स्वतःच खाली आले. या मार्लकोट हवेलीची मालकीण मीच, हेस्टर लिंडफील्ड. पण मालकिणीपाशी खरं कोण बोलतं?

पप्पा गेल्यापासून मला मागणी घालायला आलेला प्रत्येक जण आधी छताकडे बघायचा, मग माझ्याकडे. चर्चमध्ये एकदा ‘हो’ म्हटलं की घुमटापासून तळघरापर्यंत सगळं नवऱ्याचं. आमचा कायदाच तसा. बाथ शहरातले माझे काका तर घर हाती यावं म्हणून आपल्याच ओळखीची स्थळं धाडायचे. म्हणून मी कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसे.

दारात निथळणारी हॅट हातात धरून एक उंच तरुण उभा होता.

“नॅथॅनियल कॉरी. चेल्टनहॅमला एका वास्तुकाराकडे नकाशे काढतो. घर बघता येईल?”

“पाय पुसलेत तर येईल.”

त्याने पाय पुसले. अगदी मन लावून. आणि आत येताच काय करावं? दिवाणखान्यातल्या पिवळ्या संगमरवरी खांबाला सरळ गाल लावला!

“अहो! हे काय चाललंय?”

“उबदार आहे,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “म्हणजे खोटा. खरा संगमरवर गालाला थंडगार लागतो. हा रंगीत गिलावा आहे, घोटून घोटून चकचकीत केलेला.”

मला राग आला, कारण ते खरं होतं. आमच्या घरात सगळंच सोंग. आजोबांचं घर साधं लाल विटांचं. पप्पांना नव्या फॅशनचं वेड. त्यांनी विटांवर चुना थापून दगडाच्या रेघा ओढल्या, पुढे गोलाकार सज्जा काढला, साध्या लाकडाला महोगनीचा रंग दिला. वरच्या मजल्यावर एक खिडकी तर नुसती रंगवलेली. आत भिंत, बाहेर काच आणि पडदा, रंगाचेच. का, तर दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून.

“मालकीणबाई कशा आहेत?” जाता जाता त्याने विचारलं.

“नाकावर माशी बसू देत नाहीत.”

“तरीच घराला हसू नाही. आणि तुम्ही?”

“मी… मिसेस टिबिटची भाची.”

त्याने माझ्या हातावर शिलिंग ठेवलं. त्याची बोटं तळव्याला लागली. उबदार होती. उबदार म्हणजे खोटं, मी मनाशी म्हटलं आणि मूठ मिटली.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. मग पुन्हा. म्हणे जिन्याचं चित्र काढायचंय. जिन्याचं चित्र काढताना माणूस जिन्याकडे बघतो. हा किल्ल्यांच्या आवाजाकडे मान वळवायचा. मला ते आवडत होतं, आणि आवडतंय म्हणूनच जास्त भीती वाटत होती. याला माझं खरं नाव ठाऊक असेल तर? शिलिंगही नाटकच असेल तर?

मी खडा टाकून पाहिला. “मालकीणबाई लग्नाच्या आहेत बरं का. ओळख करून देऊ? एवढं घर मिळेल…”

“नको हो.” त्याचे कान लाल झाले. “एवढ्या घराला केर काढायला किती जण लागतात ते पाहिलंय मी.”

मी हसले. लगेच वाटलं, किती तयार उत्तर!

आणि मग त्याने ग्रंथालयात पुस्तकांच्या एका कपाटाला हात लावला आणि ते कपाट दारासारखं उघडलं. ते दारच होतं, खोट्या पुस्तकांचं. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मी ते झटकन लोटून बंद केलं. “कुणी सांगितलं तुम्हाला? बाथच्या काकांनी पाठवलंय ना?”

“कोण काका? हा गालिचा बघा, इथेच झिजलाय. एवढी रुक्ष पुस्तकं वाचायला एवढे लोक येतात होय?”

“निघा तुम्ही.”

तो निघाला. चित्र तिथेच राहिलं. मी उचलून पाहिलं. जिना अर्धवट, आणि पायरीवर करड्या शालीतली मी, पूर्ण. तरीही शंका काही जाईना. चित्रही काढता येतं की मुद्दाम!

शनिवारी मी मिसेस टिबिटबरोबर स्वयंपाकघरात मनुका निवडत होते. मागच्या दारावर टकटक झाली. त्याचा आवाज ऐकून मी कोठीच्या दाराआड सटकले.

“मिसेस टिबिट,” तो म्हणाला, “तुमच्या भाचीला मागणी घालायला आलोय. ती माझ्यावर रागावलीय, पण… वडीलधाऱ्या तुम्हीच. मोजे विणणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत माझ्या. खांब नाहीत. खिडकी एकच, पण उजेड येतो तिच्यातून.”

“माझी भाची?” मिसेस टिबिटच्या हातातली परात खणकन पडली. “अहो, मला बहीण नाही की भाऊ नाही!”

मी बाहेर आले. सोंग कुणाचं होतं ते आता कळत होतं, आणि तोंड लपवायला शालही नव्हती.

“मी हेस्टर लिंडफील्ड. घर माझं आहे.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हॅट उचलत तो म्हणाला, “मग मी हे बोलायलाच नको होतं. आता तुम्हाला वाटणार, घरासाठीच आला. आणि नाही म्हणून पटवायला माझ्याकडे काहीच नाही.” तो वळला.

तो जाईल, या विचाराने माझा जीव कासावीस झाला. संशय घेण्याइतकंसुद्धा त्राण उरलं नाही. मी धावत जाऊन त्याचा हात धरला आणि माझ्या गालाला लावला.

बर्फासारखा गार होता.

“काय करताय?” त्याने हळूच विचारलं.

“बघतेय,” मी म्हटलं. “थंडगार आहे.”

“मग?”

“मग काय… खरा आहे.”